नऊ व्होल्ट, तरी गप्प

चोवीसच्या रात्री, पावणेनऊला,
मृदुला इंगळे टू-इन-वन शालीत गुंडाळून आली,
तापातलं मूल आणावं तशी.
बाहेर धुकं इतकं की फालके बाजाराचा दिवा
नुसता पिवळा डाग.

"काका, सव्वीसला लेझीम आहे. साठ मुली.
मैदानात प्लग नाही,
आणि हा सेलवर बोलतच नाही."
"तारेवर?"
"तारेवर बोलतो."
आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये
अर्धं दुखणं अशा एका वाक्यात कळायचं.

सहा सेल, जाडे, नवे.
कुणी उलटा बसलाय का, ते आधी पाहिलं;
माणसं बहुतेक तिथंच चुकतात.
नाही. प्रत्येकाची टोपी पुढच्याच्या बुडाला.
मीटर लावला : नऊ पूर्णांक तीन.
पोट भरलेलं, आणि तोंडातून शब्द नाही.

स्प्रिंगांवर हिरवट पापुद्रा.
"गेल्या वर्षीचे सेल आतच राहिले होते?"
"राहिले होते," कॉपी करताना सापडल्यासारखी म्हणाली.
लिंबू, जुना टूथब्रश, मग पॉलिश पेपर,
धातूला धातूचा रंग येईपर्यंत.
बटण दाबलं.
गप्प.
तेवढ्यात बत्ती गेली. ग्वाल्हेरची, अगदी वेळेवर.

मृदुलानं मोबाइलचा टॉर्च धरला.
रोज साठ मुलींना एका शिट्टीत उभं करणारा हात,
जरासुद्धा हलला नाही.
गजकच्या डब्यातला लांब पेचकस घेतला.
मागचे स्क्रू पाच. चार दिसतात,
पाचवा कंपनी स्टिकरखाली दडवते,
आणि घाईतला माणूस तिथं प्लास्टिक तोडतो.
मला घाई नसते. नऊ वर्षं झाली.

आत धूळ, एक तीळ,
आणि लेझमीची एक सुटी चकती, पाटीवर आडवी.
हीच चोर, म्हटलं. तीही "हीच!" म्हणाली.
काढली.
गप्प.

मग सेलची लाल तार धरून बोटानं चालत निघालो.
फ्यूज शाबूत. तार वळली मागच्या खोबणीकडे,
जिथं घरच्या विजेची पिन शिरते.
तिथं एक पितळी पत्ती असते, नखाएवढी.
पिन आत आली की तिनं बाजूला सरायचं,
सेलना म्हणायचं, तुम्ही थांबा.
पिन निघाली की जागेवर यायचं.
एवढीच नोकरी.
ही जागेवर येत नव्हती.
तार टेबलावर काढून ठेवलेली, समोर,
आणि हिच्या लेखी ती अजून आतच.

मी काही बोललो नाही.
मी अजून पावणेसहाला उठतो,
सकाळपाळीचा मफलर बांधतो,
आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आठवतं.

चिमटा नको, चिमटा जोर करतो.
आगकाडीचं मागचं टोक.
जरा. अजून जरा.
टक्.

लाल ठिपका. मग खरखर, मग एक बाई
उद्याच्या धुक्याबद्दल बोलू लागली,
सगळी गल्ली काळोखात आणि ही एकटी बोलतेय.
मृदुलानं कॅसेट घातली.
टॉर्च हातात विसरून
दोन पावलं पुढे, एक मागे,
आमच्या छतावर तिची सावली
कपाटाला अडून वाकत होती.

"काका, किती द्यायचे?"
"सेल काढून ठेवत जा."

ती गेल्यावर बत्ती आली.
टेबलावर तार तशीच.
फोन करावासा वाटला, केला नाही.
गुंडाळून ठेवली.

सव्वीसला पावणेसहाला उठलो. मफलर बांधला.
तिसरी पायरी आली.
खिशात तार होती, परत द्यायची होती,
म्हणून उतरलो.